मागचे दोन

हरेश्वर तांडेलची इंपाला लग्नांची आहे.
आमरसाचा रंग, बॉनेटवर झेंडूचे जुने डाग,
सीटच्या फटीत गेल्या मोसमाच्या अक्षता.
असल्या गाड्यांत बाकीच्यांनी डिझेल इंजिनं घातली,
ह्याने नाही. लिटरला साडेतीन देते,
आणि तो ते असं सांगतो
जसे कुणी मुलाचे मार्क सांगावेत.

"मागचे दोन उघडत नाहीत," म्हणाला.
काल रात्री दीडला रिकामी गाडी दिवाळ्याला नेताना
पाम बीचवर पाय पूर्ण दाबला, तर नुसती फुगून राहिली.
मी म्हटलं, तांडेलशेठ, तुमची गाडी
बेंजोवाल्यांच्या मागे चालते.
तिथे पुढचे दोनसुद्धा अर्धे झोपेत असतात.
"चार आहेत ना? मग चार उघडायला हवेत."
यावर माझ्याकडे पाना होता, उत्तर नव्हतं.

रबाळे एमआयडीसी, गाळा सत्तावीस.
शेजारी पावडर कोटिंग; दुपारपर्यंत आम्ही सगळे
एकाच रंगाचं शिंकतो.
जुबेरला कार्बोरेटर दाखवला : हे चार घसे.
पुढचे दोन पायाचं ऐकतात. पेडल, तार, हुकूम.
मागच्यांना उघडणारी तार नाही,
त्यांना फक्त ओढ कळते.
पुढच्यांतून वारा जोरात धावला
की सुईएवढ्या वाटेने ओढ वर डबीत जाते,
पडदा उचलते, स्प्रिंग दाबते, दांडी चढते.
"मग इथेच रेस देऊन बघू?"
नाही रे. उभ्या गाडीत कितीही बोंबल, उघडत नाहीत.
ओझं लागतं.

दांडी हाताने लोटली, भोकावर बोट धरलं, सोडली.
जागीच राहिली. पडदा शाबूत.
शाफ्ट मोकळा. मग स्प्रिंगच कडक, दुसरं काय,
असं मी म्हणालो, बरंच मोठ्याने.
दांडीवर कागदाची टाचणी अडकवली, डबीला टेकवून :
दांडी चढली तर टाचणी खाली सरकेल,
ती आपल्यासाठी खोटं बोलणार नाही.

महाप्याचा चढ, शीळफाट्याकडे, पहाटे पाच.
पुढे कंटेनर, मध्ये खडीचे डंपर.
पाय खाली. टाचणी जागच्या जागी.
हलकी स्प्रिंग. परत चढ. जागच्या जागी.
त्याहून हलकी. जागच्या जागी.
पेट्रोल तांडेलचं, तोंड माझं कडू.

तिसऱ्या फेरीनंतर जुबेरने डबी खोलली,
मोबाइलचा उजेड पाडला, आणि काही बोललाच नाही.
गॅस्केट.
मार्चमध्ये मीच कापलेलं, दुकानात मिळेना म्हणून,
गाडीतच पडलेल्या एका पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून.
बाहेरचा आकार बरोबर. स्क्रूची भोकं बरोबर.
सुईएवढं एक भोक पाडायचं राहिलेलं,
आणि बरोब्बर त्या वाटेवर, सोनेरी अक्षरांत,
अर्धं उरलेलं : अगत्य येण्याचे क

मार्चपासून किती वराती झाल्या? तीसेक.
एकाही नवऱ्यामुलाला कळलं नाही.

जुबेरने पोगराने भोक पाडलं.
एवढंच. एक टोचा.
जुनी, कडक स्प्रिंग मी गुपचूप परत बसवली.

चौथ्यांदा चढ.
उजाडलं होतं, डोंगराची कापलेली बाजू पिवळी.
अर्ध्यात आल्यावर बॉनेटखालचा आवाज बदलला;
मोठा नाही, खोल झाला,
विहिरीत कुणी दुसरी बादली सोडावी तसा.
दोन डंपर मागे पडले.
तांडेल मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलेला,
एकदाच म्हणाला, "हां."

वर थांबून बॉनेट उघडलं.
टाचणी दोन नखं खाली.

बिल मी मांडलं नाही, त्याने विचारलं नाही;
पापलेटाची पिशवी मात्र आली, बर्फासकट.
संध्याकाळी घणसोलीत गाडी दिसली,
फुलांनी काच अर्धी झाकलेली,
पुढे बेंजो, नाचणारे काका,
तासाला दोन किलोमीटर.
मी आणि जुबेर स्कूटरवर मागे अडकलो.
त्याने हॉर्न वाजवला नाही.
टाचणी काढायची राहून गेली, म्हणाला.
राहू दे, म्हटलं.